रेजिनाचा वाटा

चाफेआळी, वसई
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ॲंजी,

आता फोन करू नकोस, एवढं सांगायलाच हे पत्र. परवा तू तिकडून ओरडत होतीस, मी इकडून "काय? काय?" करत होते, शेवटी शेजारच्या शेल्डननं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच तुझ्याशी बोलत बसला. कानात नवीन यंत्र घातलंय खरं, पण त्यातून मला फक्त माझ्याच चपलांचा आवाज येतो. तेव्हा आपलं पत्रच बरं. नाशिकला पोस्टमन अजून घरी येतो ना?

मी बरी आहे. तुझी आई गेल्यापासून घरात भांडायला कुणी नाही, एवढीच अडचण. तुझ्या बाबांच्या मागे आम्ही नणंद-भावजयींनी एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, की अजून चहा दोन कप टाकते आणि मग दुसरा रागारागानं पिते. केळी यंदा चांगली आलीत. सुकेळी मात्र घालणार नाही. अख्खं केळं उन्हात रोज उलटत बसायचं, माशा बघायच्या, कावळे बघायचे, तो धीर रेजिनाचा. मला तेवढ्या वेळात तीन चित्रं होतात.

चित्रांवरून आठवलं. ख्रिस्तराजाच्या सणाला, दुपारच्या चहाच्या वेळी, नेहमीप्रमाणे ओटीवर विक्री आहे. बाजारात एक बरं पापलेट येतं तेवढ्यात एक चित्र, कुठलंही घ्या. यंदा बायजाची मासळीची पाटी आहे, वाडीतल्या व्हिन्सेंटची शिडी आहे, फणसाखाली टेकवलेली सायकल आहे. आणि फेब्रुवारीत रेजिना अंगणात सुकेळी उलटत होती, तेव्हाचंही एक आहे. कावळ्यावर चप्पल उगारलीय, तोंड उघडं. काय म्हणत होती ते लिहीत नाही, आज रविवार आहे.

जेवण वेळेवर घे. नर्सबाईंना हे सांगावं लागतं हीच मोठी गंमत.

तुझी,
फ्लॉसी आत्या

*

नाशिक
१८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्र ड्युटीवर निघताना मिळालं. वॉर्डात पोचल्यावर वाचलं आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तू काय लिहून गेलीस ते तुला तरी कळलं का? मासळीची पाटी, शिडी, सायकल, आणि "रेजिनाचंही एक"!

माझ्या मोबाइलमध्ये आईचे ढीगभर फोटो आहेत. सगळ्यांत तिचं तोंड पासपोर्टवाल्यासमोर बसल्यासारखं. फोटो म्हटलं की ती पदर सारखा करायची, ओठ मिटायची आणि आमची आई निघून जायची. चप्पल उगारलेली, शिव्या देणारी आई माझ्याकडे एकही नाही. मार्चमध्ये मी पोचले तेव्हा तर तिचे डोळे मिटलेले होते.

ते चित्र बाजूला ठेव. विक्रीत मांडूच नकोस. तू म्हणशील ती किंमत देते. पापलेटची नको, अख्ख्या होडीची घे! मी डिसेंबरमध्ये सुट्टी काढून येईन आणि घेऊन जाईन. शेवटी मुलगी मी आहे. माझ्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा?

कानाचं यंत्र रात्री काढून ठेवत जा. आणि दुसरा कप टाकू नकोस, तुला साखर आहे.

तुझी,
ॲंजी

*

चाफेआळी
२५ ऑक्टोबर

प्रिय ॲंजी,

नाही ठेवता येणार, बाळा.

रागावण्याआधी पुढचं वाच. पहिली काही वर्षं मी चित्रं नुसती मांडायचे आणि ज्याला जे आवडेल ते तो उचलायचा. मग काय झालं ठाऊक आहे? नायगावच्या टॉवरमधल्या गाड्या सकाळीच दारात. चर्चमधून, बाजारातून, वाडीतून आपली माणसं येईपर्यंत ओटी रिकामी. एकानं तर बायको, मेव्हणा, ड्रायव्हर सगळ्यांना वेगवेगळं उभं केलं आणि सहा चित्रं नेली. पुढे ती कुठल्याशा वेबसाइटवर पाचपट भावानं लागली, शेल्डननं मला दाखवली. शाळेतले आमचे प्रल्हाद सर आठवतात ना, आता बोळिंजला राहतात? ते म्हणाले, "टीचर, ज्यांना चित्रातलं कळतं त्यांना आधी निवडू द्या." म्हणजे त्यांना. एक जण म्हणाला मी तुमचा विद्यार्थी, दुसरी म्हणाली मी शेजारीण. ज्याला त्याला आपला हक्क पहिला.

तेव्हा रेजिनानं तोडगा काढला. आपल्या आळीत लग्नाच्या डुकराचे वाटे घालतात, तसे वाटे घालायचे. एका घराला एक चित्र. मी एकेका चित्राला काठी लावून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि एकानं चित्रांकडे पाठ करून उभं राहायचं आणि हातातल्या कागदावरचं मनात येईल ते नाव पुकारायचं. पाठमोऱ्याला चित्र दिसत नाही, मग वशिला कसला? पुकारणाऱ्यानं स्वतः शेवटी उरेल ते घ्यायचं. ज्यांचं नाव राहील त्यांना पुढच्या वर्षी आधी. आणि चहा झाल्यावर कुणाला आपसात खुशीनं अदलाबदल करायची तर करावी, त्यावर पैसे घ्यायचे नाहीत.

दर वर्षी पाठमोरी उभी राहायची ती तुझी आईच. मागे वळून बघणार नाही असा साऱ्या आळीचा तिच्यावर विश्वास. यंदा शेल्डन उभा राहील.

तुझ्यासाठी एक बाजूला काढलं, की उद्या फादरसाठी, परवा नगरसेवकासाठी. मग मी कुठल्या तोंडानं "हा कोणाचा" विचारू? तू नाव दे. तुझंही एक घर आहे.

तुझी,
फ्लॉसी आत्या

*

नाशिक
१ नोव्हेंबर

आत्या,

तू मला नियम समजावलेस. मी नियम मोडायला कुठे सांगितलं? चित्र विकूच नकोस, एवढंच म्हणते आहे. तुझं चित्र, तुझं घर, तुझी वहिनी. मांडलं नाहीस तर कुठल्या नगरसेवकाला काय कळणार आहे?

उद्या सर्व मृतांचा दिवस. सगळे कबरीवर मेणबत्त्या लावतील आणि मी इथे डबल ड्युटी करेन. तिच्या शेवटच्या दिवसांतही मी इथेच होते. हे तुला माहीत आहे, तरी तू तिला पाठमोऱ्या माणसाच्या तोंडावर सोडतेस. उद्या ती एखाद्या टॉवरच्या हॉलमध्ये सोफ्याच्या रंगाला जुळते म्हणून लटकेल. नाव विचारायचं तर लांबच राहिलं.

खरं सांगू? तुम्ही दोघी आयुष्यभर भांडलात आणि तुझं अजून संपलेलं नाही असं मला वाटतं.

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही, कारण मला तसंच वाटतंय.

ॲंजेला

*

चाफेआळी
१० नोव्हेंबर

प्रिय ॲंजी,

तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मेणबत्ती लावून आले. तुझ्या नावानंही एक लावली.

आता शेल्डनचं ऐक. चार दिवस तो माझ्या मागेमागे. "आंटी, रेजिना आंटीचं चित्र साधारण कधी पुकारणार? सुरुवातीला की मधे?" एवढा मोठा बँकेतला माणूस, पण खोटं बोलताना कानाच्या पाळ्या लाल. मी हात पुढे केला आणि त्यानं निमूटपणे फोन दिला. त्यात तुझा निरोप. काठी रेजिनावर आली की बायजानं खोकायचं आणि शेल्डननं "ॲंजेला" पुकारायचं! अगं, मी बहिरी आहे, आंधळी नाही. आणि बायजाला तर बारा महिने खोकला असतो. तुझ्या वाट्याला सायकल आली असती.

हसून झालं. आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

त्या दिवशी चित्र काढत असताना रेजिनानं मला विचारलं, "मना पन वाट्यात ठेवशील ना?" मी म्हटलं, तुला कशाला, तू घरातली. तर चप्पल माझ्यावर उगारली. म्हणाली, "बायजा कोनाकोनाच्या घरी जाऊन बसली, व्हिन्सेंट चित्रातून गेला, आता त्याची शिडी पन जानार. मी आपली हितंच. मना पन कोनाच्या तरी घरी जाऊ दे ना." मी म्हटलं, ॲंजीच्या घरी जा. म्हणाली, "तिच्या घरी मी हायेच. जिथं मना कोन ओळखत नाय तिथं."

मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी ती गेली.

हे तुला सांगायचं नव्हतं, कारण ऐकून तुला वाईट वाटेल, आईला मी नको होते असं वाटेल. तसं नाही. लग्न होऊन या घरात आली, ती वाडी, बाजार, चर्च सोडून कुठे गेली नाही. नाशिकला यायचं म्हणून पिशवी भरून ठेवायची आणि ऐन वेळी केळीचं काहीतरी निघायचं. तिला फिरायचं होतं, एवढंच. आणि आमचं भांडण म्हणशील, तर ते संपलेलं नाही हे खरं आहे. संपवायला ती हवी होती.

आता माझं एक ऐक. शेल्डनला मी काढून टाकलंय, त्याची पाठ आता भरवशाची राहिली नाही. तू ये. रेजिनाच्या जागी तूच पाठमोरी उभी राहा. तिच्या घरचं दुसरं कोण आहे? पुकारणाऱ्याला शेवटचं मिळतं, काय उरेल ते मला ठाऊक नाही. सुट्टी मिळाली नाही तर मी स्वतः मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहीन.

तुझी,
फ्लॉसी आत्या

*

चाफेआळी
२७ नोव्हेंबर

प्रिय ॲंजी,

सुखरूप पोचल्याचा तुझा मेसेज शेल्डननं वाचून दाखवला, म्हणजे कानात ओरडला. घर पुन्हा रिकामं झालंय. तू तळलेल्या फुगियांची परात मात्र शेजारच्यांनी फस्त केली.

तू गेल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आपण त्याबद्दल बोललोच नाही. रविवारी माणसं जाईपर्यंत अंधार पडला आणि सोमवारी पहाटे तू निघालीस. मी रेजिनाला काठी लावली ती चौकटीवर आपटली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हा कोणाचा?" आणि तू जरा थांबलीस. तुझी पाठ ताठ झाली. मला वाटलं ऊन लागलं असेल, सकाळपासून तू काही खाल्लं नव्हतंस. मग तुझं डोकं हललं, म्हणजे नाव पुकारलंस. आणि ओटीच्या पायऱ्या चढून ती नालासोपाऱ्याची बाई आली. विनिता. बायजाच्या ओळखीनं पहिल्यांदाच आलेली.

तुझ्या तोंडून तुझ्या आईचं दान पडावं आणि तुला त्याचा पत्ताही नसावा! देवानं अशी थट्टा करायला नको होती. चहाच्या वेळी तू तिच्याकडे गेलीस ते मी पाहिलं. माझ्या मनात आलं, आता अदलाबदल मागेल, आणि माग बाई, खुशाल माग, असंही आलं. पण तू रिकाम्या हातानं परत आलीस आणि कप विसळायला लागलीस. ती नाही म्हणाली का? तसं असेल तर मी तिला पत्र लिहिते. बायजाकडून पत्ता मिळेल. रेजिनाला दिलेला शब्द मी पाळला, आता तुझ्यासाठी पदर पसरायला मला लाज नाही.

प्रल्हाद सरांना वांग्यांचं चित्र मिळालं. ते म्हणाले, यातला जांभळा फार धाडसी आहे. नंतर हळूच सायकल मिळालेल्याशी बदलून घेतलं.

लवकर उत्तर दे.

तुझी,
फ्लॉसी आत्या

*

नाशिक
३ डिसेंबर

प्रिय आत्या,

विनिताला काही लिहू नकोस. आधी हे वाच.

तिथे एक गोष्ट घडली जी तुला कळणं शक्यच नव्हतं आणि बाकी कुणी तुला सांगणार नाही. सगळा वेळ माझ्या मागे गलका चालला होता. "अरे वा शिडी", "मना मिलाली तर बरं", पोरांची रडारड, बायजाचा खोकला. आणि मग तू कशाला तरी काठी लावलीस आणि सगळे गप्प झाले. एकदम. बायजासुद्धा खोकली नाही. तुला ती शांतता ऐकू आली नाही, आत्या. मला आली.

मला कळलं माझ्या मागे कोण आहे.

मी थांबले ती उन्हानं नाही. माझं स्वतःचं नाव तोंडात आलं होतं. नुसतं "ॲंजेला" म्हणायचं होतं, कुणी हूं की चूं केलं नसतं. उलट सगळ्यांना तेच हवं होतं, म्हणून तर ते श्वास रोखून उभे होते. पुकारणाऱ्यानं शेवटचं घ्यायचं हा नियम त्या एका मिनिटापुरता साऱ्या आळीनं माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. एवढं प्रेम माझ्यावर कुणी करतं हे मला नाशिकला बसून ठाऊक नव्हतं.

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. सगळी नावं ओळखीची. एकच असं होतं ज्याचा चेहरा मला ठाऊक नव्हता. आई म्हणाली होती ना, जिथं मना कोन ओळखत नाय तिथं. मी ते पुकारलं. आवाज फुटला, पण तो तुला ऐकू आला नसणार म्हणून बरं.

आता चहाचं सांगते. तुझ्यापासून काय लपवू, मी अदलाबदल मागायलाच गेले होते. आईचा शब्द पाळून झाला, आता माझं बघू, असं मनाशी ठरवून. विनिता पेरूच्या झाडाखाली एकटी उभी होती, चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरून. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच ना? एक विचारू का? हसू नका हं. आमच्या भिंतीला कॅलेंडर सोडून कधी काही लावलंच नाही. हे कुठे लावायचं असतं?" दिवसभर गाळ्यात बसून पेनांचं पॅकिंग करते म्हणाली. घरी नवरा, सासू आणि एक खोली. मी विचारलं, खिडकी कुठे आहे? दार कुठे? ऊन कुठून येतं? मग म्हटलं, उन्हासमोर नको, रंग उडतील. चुलीजवळही नको. दारातून आत आल्या आल्या दिसेल असं लावा. खिळा तुमच्या डोळ्यांच्या जरा वर. तिनं भिंतीवर ठोकावा तसा हवेत हात नेऊन दाखवला, "एवढ्या वर?" मी तिचा हात धरून थोडा खाली आणला.

मग तिनं विचारलं, "ही बाई कोण? कसली छान भांडतेय!" मी सांगितलं. माझी आई आहे, हे नाही सांगितलं. म्हटलं, हिचं नाव रेजिना, सुकेळी फार चांगली करायची. ती म्हणाली, "बरं झालं नाव कळलं. रोज दारात भेटणार, तर नावानं हाक मारलेली बरी."

आत्या, मी अदलाबदल मागायला गेले आणि खिळा कुठे ठोकायचा ते सांगून आले. रात्री खूप रडले. पण तुझ्यावरचा राग त्यात नव्हता. एक नोव्हेंबरच्या पत्रातलं ते भांडणाचं वाक्य आता खोडते. तुझ्याकडचा कागद काढ आणि माझ्या वतीनं तूच त्यावर रेघ मार.

माझ्या वाट्याला शेवटी कावळा आला. कुंपणावर बसलाय, मान वाकडी, उडायच्या बेतात. ड्युटीवरून आले की बघते. कोपऱ्यात अंगणाचा तुकडा आहे आणि ऊन तेच, फेब्रुवारीचं. तो चौकटीच्या बाहेर कुणाला तरी घाबरून बघतोय. कुणाला ते मला माहीत आहे.

आता एकच विचारायचं आहे. पुकारणारी मी होते, पण कुठल्या चित्राला आधी काठी लावायची आणि कुठल्याला शेवटी, हे कोण ठरवत होतं?

तुझी,
ॲंजी

*

चाफेआळी
८ डिसेंबर

प्रिय ॲंजी,

रेघ मारली. जाड मारली.

काठी माझ्या हातात होती, हे तू बरोबर पकडलंस. इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, प्रल्हाद सरांच्यासुद्धा. रेजिनाला शेवटी ठेवलं असतं तर ती आपोआप तुझीच झाली असती. आदल्या रात्री मी पलंगावर बसून तसं ठरवलंही होतं. पण दुपारी तू आईच्या जागेवर जाऊन उभी राहिलीस, हात तिच्यासारखेच मागे बांधून, आणि मला ते जमेना. म्हणून तिला मधेच घेतलं, डोळे मिटून.

पण ज्याच्यावर तिनं चप्पल उगारली तो कावळा मी त्याच दिवशी, त्याच बैठकीत काढला होता. विक्रीत त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी त्याला पायापाशी सरकवला आणि शेवटपर्यंत काठी लावली नाही. आयुष्यात एवढा एकच वशिला लावला. शनिवारी कन्फेशनला जाईन तेव्हा फादरना सांगेन. आणि ते काय म्हणाले ते मला ऐकू येणार नाही.

काल बायजा आली होती. विनिताच्या खोलीवर जाऊन आलीय. चित्र दारासमोरच आहे, डोळ्यांच्या जरा वर. बायजा सांगत होती, सासू भाजी निवडत तिथेच बसते आणि कामावर निघालेल्या सुनेला म्हणते, "रेजिनाला सांगून जा."

तुझी,
फ्लॉसी आत्या